भरीची वाइन

मित्रांनो, लॉत नदीच्या एका वळणावर एक दगडी घर आहे. त्याच्या खालच्या मजल्यावरच्या तळघरात, जिथे ऊन कधीच येत नाही, तिथे दोन ओंडक्यांवर आडवे टेकवलेले एक पिंप तुम्हाला दिसेल. आज त्याच्या पट्ट्यांमधल्या फटींतून पलीकडची भिंत दिसते. ते पिंप म्हणजे मी. माझ्या आजच्या रूपावरून मी कधीकाळी काय होते, याचा अंदाज करू नका. तो चुकेल.

माझा जन्म आगीत झाला. मला बांधणाऱ्या म्हाताऱ्या कारागिराने ओकच्या पट्ट्या गोल उभ्या केल्या, मधोमध जाळ पेटवला आणि लाकूड ऊन होऊन नमू लागले तसतशी बाहेरून लोखंडी कडी ठोकली. माझ्या अंगात एकही खिळा नाही, गोंदाचा एक थेंब नाही. पट्टीने पट्टीला दाबून धरायचे आणि आतल्या ओलाव्याने सगळ्यांना फुगवून ठेवायचे, एवढ्यावरच माझा जीव उभा होता. म्हाताऱ्याने शेवटी माझ्या पोटावर बोटाने टकटक केले, कान लावला आणि समोरच्या तरुणाला म्हणाला, "घेऊन जा. पण हिला उपाशी ठेवू नकोस. पिंप कामाने मरत नाही, रिकामं राहून मरतं."

तो तरुण म्हणजे ओनोरे देल्ब्रे. त्याने मला नेले त्याच्या पाच वर्षे आधीच्या फेब्रुवारीत अशी थंडी पडली होती की काओरच्या सगळ्या खोऱ्यातल्या द्राक्षवेली मुळापर्यंत मेल्या होत्या. ओनोरेच्या वडिलांनी मेंढ्या घ्यायचे ठरवले. ओनोरे मात्र कुदळ घेऊन डोंगरउतारावर गेला आणि त्याने मेलेली खोडे उपटून पुन्हा तीच जुनी काळी द्राक्षे लावली. त्या वेलींना पहिले खरे पीक आले तेव्हा त्याने मला आणले.

ही वाइन साधी नव्हे. पेल्यात ओतली की पलीकडचे बोट दिसत नाही, इतकी काळी. पहिल्या घोटाला जीभ आखडते. शहरातून आलेला कोणी तोंड वाकडे करू लागला की ओनोरे त्याच्यापुढे बदकाच्या चरबीत शिजवलेली बदकाची तंगडी ठेवायचा आणि म्हणायचा, "आता पी." तुरटपणाला चरबी मिळाली की दोघांचीही खोड मोडते, असे त्याचे म्हणणे. कोकराचे मांस चालेल, सॉसेज घालून शिजवलेला घेवडा चालेल, शेवटी बकरीच्या दुधाचे चीज आणि चार अक्रोड चालतील. कोणी माशांचे नाव काढले की तो म्हणे, "मासा खायचा तर पाणी पी. नदी समोरच आहे."

वाइनच्या बाबतीत त्याने आयुष्यात कोणाची भीड धरली नाही. एकदा सरपंचाच्या घरी, सरपंचाच्याच मुलीच्या लग्नात, त्याने घोट घेतला, उठला, खिडकीतून बाहेर थुंकला आणि परत येऊन बसला. "मुलगी चांगली आहे," एवढेच म्हणाला.

दर शनिवारी दुपारचे जेवण झाले की ओनोरे खाली येई. लाकूड श्वास घेते, मित्रांनो. भरलेल्या पिंपातून दर आठवड्याला दोन-तीन पेले वाइन लाकडावाटे उडून जाते. इथे म्हणतात, ती देवदूत पितात. शेजारचा मार्सिअल ओनोरेला चिडवायचा, "तुझ्याकडचे देवदूत फार पितात रे. आमच्याकडचे सभ्य आहेत." जेवढी वाइन उडते तेवढी हवा आत शिरते, आणि हवा लागली की वाइन आंबते. म्हणून माझ्याशेजारी वेताने मढवलेले दोन काचेचे बुधले असत. त्यांत त्याच वर्षाची, त्याच वेलींची वाइन बाजूला काढलेली असे. तिला भरीची वाइन म्हणायचे. ती प्यायची नसते. ओनोरे माझ्या पोटावर बोटाने टकटक करी, माझे बूच काढी आणि बुधल्यातून अगदी काठापर्यंत भर घाली. दुसऱ्या कोणाच्या वाइनचा एक थेंबही त्याने माझ्यात कधी पडू दिला नाही. आपली वाइन दुसऱ्याच्या पिंपात ओतायची हिंमत या गावात कोणी करत नाही. त्यापेक्षा त्याच्या ताटातला घास खाल्लेला परवडला.

सत्तेचाळीस वर्षे त्याने एकही शनिवार चुकवला नाही. बायकोला पुरले तोही शनिवार होता. काळा कोट न काढताच तो खाली आला, माझ्यात भर घातली आणि बराच वेळ माझ्यावर हात ठेवून उभा राहिला.

त्याची मुलगी नोएमी तेव्हा नऊ वर्षांची होती. ती जिन्यावरून वाकून विचारायची, "बाबा, मी येऊ का खाली?"

"तुझं काम वर. पुस्तकं उघड."

"पण मला बघायचंय."

"बघण्यासारखं काही नाही इथे. अंधार आणि ओल. तुला यात पडायचं नाहीये."

ती वर जाई. ओनोरेने तिला द्राक्षांच्या हंगामातही शाळा चुकवू दिली नाही. अठराव्या वर्षी ती तुलूजला गेली, शिकली, गणित शिकवू लागली. तो गावभर अभिमानाने सांगत असे, "माझ्या पोरीला पिंप उघडता येत नाही." मी ते ऐकत असे आणि मलाही त्यात काही वावगे वाटत नसे.

आमच्याकडची घरे अशी असतात की माणसे वर राहतात आणि वाइन खाली. बाहेरच्या दगडी जिन्याने वर जायचे. स्वयंपाकघराच्या लाकडी जमिनीखालीच मी. म्हणून पुढचे जे सांगते ते मी पाहिलेले नाही, ऐकलेले आहे.

ज्या हिवाळ्याबद्दल मला सांगायचे आहे, त्याच्या आधीच्या शरद ऋतूत ओनोरेने मार्सिअलच्या मदतीने द्राक्षे उतरवली. टोपली उचलताना तो दोनदा खाली बसला. काओरच्या डॉक्टरांनी त्याला तपासले आणि नोएमीला बाजूला घेऊन ख्रिसमसपर्यंतचा काळ सांगितला. ओनोरेने ते तिच्या चेहऱ्यावरून ओळखले.

"डॉक्टर ख्रिसमस म्हणतोय ना? मी इस्टर म्हणतो," तो म्हणाला. "यंदाची वाइन पिंपात भरलीय. इस्टरला तिची पहिली चव घ्यायची, मग काय व्हायचं ते होऊ दे. तोवर तोटीला कोणी हात लावायचा नाही."

"नाही लावणार, बाबा."

"आणि पिंपाकडे बघत जा. दर शनिवारी."

"बघेन."

नोएमी रजा घेऊन राहायला आली. ओनोरेचा पलंग स्वयंपाकघरात, चुलीजवळ आणला. चूल आता दिवसभर धगधगत राही. माझ्या डोक्यावरची जमीन ऊन होऊ लागली. तळघरात इतकी ऊब मी कधी अनुभवली नव्हती. आजारी माणसाला ती हवी होती. कोवळ्या वाइनला ती विषासारखी होती.

आणि मग भेटायला येणारी माणसे सुरू झाली. कोणी अक्रोड आणी, कोणी बदकाच्या मांसाची बरणी. आजाऱ्याच्या घरी आलेल्या माणसाला पेला भरून दिल्याशिवाय पाठवत नाहीत. नोएमी तांब्या घेऊन खाली आली. बाटल्यांच्या कपाटाला बाबांचे कुलूप होते, ते त्यांना न विचारता उघडायचे नव्हते, आणि मला हात लावायचा नव्हता. माझ्याशेजारी ते दोन बुधले होते. लहानपणी जेवणाच्या वेळी बाबा याच कोपऱ्यातून तांब्या भरून आणत, एवढे तिला आठवत होते. तिने बुधला तिरपा केला.

मित्रांनो, मला तोंड आहे, पण त्यात बूच आहे. भरीची वाइन तांब्यात पडताना मी ऐकली आणि मला काही करता आले नाही.

वर पेले भरले गेले. चार माणसे होती, त्यांत मार्सिअल. पहिल्या घोटानंतर पेले एकदम खाली टेकल्याचे ऐकू आले. मग कोणीतरी म्हणाले, "ओनोरेचीच आहे. लगेच कळतं."

"हो, हो. कोवळी आहे, पण अंग आहे तिला," दुसरा म्हणाला.

चुलीजवळ ओनोरे औषधाने गुंगीत पडला होता. थोड्या वेळाने पाहुणे जिना उतरले आणि माझ्या दाराशी येऊन थांबले.

"ती भरीची होती रे. पिंप तर अजून उघडलेलंच नाही," एकजण हळूच म्हणाला.

"मला काय जीभ नाही?" हा मार्सिअल.

"मग सांग ना तिला. तू शेजारी."

"बाप मरतोय तिचा. तिच्या हातचा पेला घ्यायचा आणि वर तिची चूक काढायची? तुम्हीच सांगा, तुम्हाला एवढं वाटतंय तर."

कोणीच परत वर गेले नाही. पुढच्या रविवारी सगळे पुन्हा आले, पुन्हा प्याले, पुन्हा वाखाणणी केली. ही त्यांची दुष्टाई नव्हती. गावात एक रीत आहे: मरणाऱ्या माणसाच्या वाइनला नावे ठेवायची नाहीत. जो तो त्या रीतीने वागला.

शनिवारी नोएमी खाली यायची. ओल्या फडक्याने मला पुसायची, कड्यांवरचा गंज घासायची, बूच घट्ट आहे का ते दाबून पाहायची, तोटीखाली हात धरून थेंब पडतो का ते बघायची. इतक्या मायेने मला आजवर कोणी पुसले नव्हते. मग ती वर जाई.

"पिंप बघितलंस?"

"बघितलं बाबा. कुठे गळत नाही."

"बरं."

एवढेच. भर घातलीस का, हे त्याने विचारले नाही. भर घालायची असते हे जगात कोणाला ठाऊक नसेल, असे त्याच्या मनात आलेच नसणार. आणि ती बुधल्यांचा अर्थ कोणाला विचारणार? त्यांना काही अर्थ आहे, हेच तिला माहीत नव्हते. चूक त्याची की तिची, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

जानेवारीत एकदा तिने विचारले होते. घरात माणसे होती, मार्सिअल पेला हातात घेऊन बसला होता. ती म्हणाली, "मार्सिअलकाका, पिंपाचं आणखी काही करायचं असतं का हो? मी नुसतं पुसते आणि गळतंय का बघते. बाबांना विचारलं तर त्यांना वाटेल, हिला एवढंही येत नाही."

तो क्षण मला आजही ऐकू येतो. वर कोणीतरी अक्रोड फोडत होते, तेही थांबले. मार्सिअलने एवढेच म्हणायचे होते: पोरी, आमच्या पेल्यात आहे ना, ती त्या पिंपाची भर आहे, निम्मा बुधला अजून शिल्लक असेल, आत्ता जा आणि ओत. पण तसे म्हटले असते तर तिथे बसलेल्या प्रत्येकाने काय प्यायले आणि काय लपवले, ते तिला कळले असते. चारचौघांत तिची मान खाली गेली असती.

"तू करतेयस ते ठीक आहे," मार्सिअल म्हणाला.

फेब्रुवारीत दुसरा बुधलाही संपला. माझ्यातली पातळी चार बोटे खाली गेली होती. वाइनवर पांढुरकी साय धरू लागली. आतून मला चुरचुरत होते. ओनोरेने ज्या वेली मेलेल्या मातीतून पुन्हा उभ्या केल्या, त्यांचे शेवटचे पीक माझ्या पोटात रोज थोडे थोडे मरत होते, आणि वर तो माणूस त्याच पिकासाठी एकेक दिवस ओढून काढत होता. ख्रिसमस गेला. डॉक्टर चकित झाले. इस्टरआधीचे लेंटचे उपवास सुरू झाले. ओनोरे रोज विचारी, "इस्टरला किती दिवस राहिले?" नोएमी आकडा सांगे. तो माणूस वचनाला जागला, मित्रांनो. मी जागले नाही.

इस्टरच्या दिवशी दुपारी तो उशीला टेकून बसला. "आज तूरँ कर," म्हणाला. तूरँ म्हणजे आमच्याकडचे लसणाचे सूप. पलंगावरून तो एकेक गोष्ट सांगत होता आणि ती करत होती.

"चरबी बदकाचीच घे. लसूण लाल करू नकोस, नुसता मऊ."

"माहितेय, बाबा."

"काय माहितेय? गणितात शिकवतात का? अंड्याचं पांढरं वेगळं सोड. मार्सिअल, तू नुसता बसलायस काय, ब्रेड काप. पातळ काप, तुझ्या डोक्यासारखा जाड नको."

मार्सिअल हसला. ओनोरेही हसला आणि खोकला. कित्येक आठवड्यांत त्या घरात असा आवाज झाला नव्हता.

"हां. आता जा आणि आण," ओनोरे म्हणाला.

नोएमी खाली आली. तिने स्वच्छ धुतलेला तांब्या माझ्या तोटीखाली धरला आणि तोटी फिरवली. आंबट वास तिला लगेच आला. तिने तळहातावर थोडी घेऊन चाखली. मग ती माझ्या शेजारी जमिनीवर बसली. रिकाम्या बुधल्यांकडे तिने एकदा पाहिले, माझ्या बुचाकडे पाहिले. उठली, बूच काढले, आत बोट घातले. बोट कोरडेच बाहेर आले. गणित शिकवणारी बाई होती ती. तिला आता कोणी काही सांगायची गरज नव्हती.

"काय गं, तोटी अडकली का?" वरून आवाज आला.

ती वर गेली. कपाटाच्या किल्ल्या भिंतीवर होत्या, एखादी जुनी बाटली उघडून ती तांब्यात ओतू शकली असती. पण त्याच्या जिभेला फसवणे तिला शक्य नव्हते, आणि कदाचित तसे करावेसे तिला वाटलेही नसेल.

आमच्याकडे सूप तळाशी थोडेसे उरले की त्यात लाल वाइन ओततात आणि ताटली दोन्ही हातांनी उचलून तोंडाला लावतात. त्याला शाब्रोल म्हणतात. ओनोरेने सूप संपवत आणले. चमचा ताटलीवर वाजला.

"ओत."

"बाबा, मला काही सांगायचंय."

"नंतर. ओत म्हटलं ना."

तिने ओतली. ताटली उचलल्याचे, तो प्यायल्याचे मला कळले. मार्सिअलची खुर्ची करकरली. सरपंचाच्या घरी खिडकीतून थुंकलेला तो माणूस आता काय करणार, याची मी वाट पाहत होते. मला वाटत होते, त्याने थुंकावे. त्याने शिव्या द्याव्यात. मी त्याच लायकीची होते.

"सुपात शेवटी व्हिनेगर घातलं होतंस का?" त्याने विचारले.

"विसरले."

"तेच म्हटलं. काहीतरी कमी होतं." तो थांबला, श्वास घेतला. "आता जमलं. अजून थोडी ओत."

"बाबा, नको."

"ओत, पोरी. माझीच आहे."

त्याने दुसऱ्यांदाही ताटली रिकामी केली. मार्सिअल उठून बाहेरच्या जिन्यावर जाऊन उभा राहिला. त्याचा हात दगडावर घासल्याचा आवाज येत होता. वाइनच्या बाबतीत ओनोरे आयुष्यात एकदाच खोटे बोलला. ते खोटे त्या घरात सगळ्यांना कळले, आणि कोणालाच त्याचा उपयोग झाला नाही.

गुरुवारी तो गेला.

दफन झाल्यावर मार्सिअल तळघराच्या दाराशी आला. नोएमी आत होती.

"मला पहिल्या घोटालाच कळलं होतं," तो म्हणाला.

"मी तुम्हाला विचारलं होतं, काका."

"हो."

"तेव्हा सांगितलं असतंत तर निम्मा बुधला होता."

"हो. तेवढा तरी होता." त्याने टोपी हातात फिरवली. "तुला वाईट वाटलं असतं म्हणून."

"आणि आता?"

मार्सिअल निघून गेला. त्यानंतर तो त्या घरात आला नाही. नोएमीनेही त्याला बोलावले नाही.

तिने माझी तोटी उघडली आणि तशीच ठेवली. सहाशे लिटर व्हिनेगर दाराखालून अंगणात वाहत गेले, तिथून नदीच्या उताराला लागले. सगळी दुपार ती पायरीवर बसून होती. शेवटचा थेंब पडल्यावर ती वर गेली, सामान बांधले, घराला कुलूप लावले आणि तुलूजला गेली. रिकाम्या झालेल्या पिंपात गंधकाची वात जाळायची असते, पाणी भरून पट्ट्या ओल्या ठेवायच्या असतात. तिला हेही माहीत नव्हते. हेही तिला कोणी सांगितले नाही.

पहिल्या उन्हाळ्यात माझ्या पट्ट्या आक्रसल्या. आता दोन कडी सैल होऊन पायाशी पडली आहेत. व्हिनेगर प्यायलेल्या पिंपात पुन्हा वाइन भरत नाहीत, त्यामुळे कोणी मला दुरुस्त करायला येईल अशी आशा मी ठेवलेली नाही. डोंगरउतारावरच्या वेली दोन वर्षे कोणी छाटल्या नाहीत. मागच्या महिन्यात यंत्र येऊन त्या उपटून गेले. तो आवाज मी इथून ऐकला.

माझे मागणे थोडेच आहे, मित्रांनो. एखादी वस्तू बाहेरून कितीही मायेने पुसली तरी आत काय कमी होते आहे ते दिसत नाही. ते झाकण उघडूनच पाहावे लागते. आणि कोणी तुम्हाला विचारले, "मी बरोबर करते आहे ना?" आणि ती बरोबर करत नसेल, तर चार माणसे बसलेली असली तरी सांगा. तिला वाईट वाटेल. वाटू द्या.

तुमच्या घरी कोणीतरी असेल, ज्याच्या हाताला एखादे काम ठाऊक आहे आणि ज्याला वाटते की तुम्ही त्यात पडू नये. आज घरी गेल्यावर त्याच्याजवळ जा आणि म्हणा, मला दाखवा. तो म्हणेल, तुझे काम वर, पुस्तके उघड. तेव्हा जिन्यावरून परत फिरू नका.